शेंदूर लागलेलं इंजन

आमच्या घरात त्या वर्षी सगळ्यात जास्त तेल कुणी खाल्लं असेल तर ते मोटारीनं. बरं, खाल्लं ते पचवलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण ही बया वरून पाजलं की खालून गाळायची. बैलांच्या गोठ्यात ती उभी असायची आणि तिच्या पोटाखाली माझ्या मायची पितळी परात. लग्नाकार्याला कणीक मळायची, ती परात. तेलाचा थेंब पडला की टक् असा आवाज व्हायचा. दुपारी दळणाची जाती थांबली, आमचं उमापूर गाव सगळं सामसूम झालं, की तो आवाज थेट चुलीपर्यंत ऐकू यायचा. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "बैलं उन्हात, मोटार सावलीत, अन् माझी परात तिच्या बुडाखाली! ह्या घरात मान कुणाला हाय ते कळालं मला." आज माझ्या नातवाची गाडी जरा कुरकुरली की तो ती कुठंतरी सोडून येतो आणि संध्याकाळी धुऊनपुसून परत आणतो. आत काय आहे ते त्यानं एकदाही बघितलेलं नाही. मी त्याला सांगते, अरे, तुझ्या पणजोबांची मोटार म्हणजे घरातलं आजारी माणूस होतं, आणि येणारा जाणारा प्रत्येकजण तिला औषध सांगायचा.

माझे आबा हैदराबादला एका वकीलसाहेबांची मोटार चालवायचे. मी जन्मले तेव्हाही ते तिकडंच होते आणि मला न्हाण यायच्या वयापर्यंत तिकडंच राहिले. दिवाळीला यायचे आणि गावच्या जत्रेला यायचे, एवढीच त्यांची माझी ओळख. मी अगदी लहान होते तेव्हा त्यांना पाहुणे समजायची. ते आले की मायला विचारायची, "हे जेवून जाणार हायत का राहणार हायत?" मायचं तोंड तेव्हा कसं व्हायचं ते मला आता, स्वतः संसार करून बसल्यावर, कळतं. मग कधीतरी साहेबांनी नवी मोटार घेतली आणि जुनी आबांना जवळपास फुकटच देऊन टाकली. देताना म्हणाले, "गणपत, एक साल गावाकडं चालवून बघ. जमलं तर तुझं नशीब. नाही जमलं तर दसऱ्याला परत ये, तुझी जागा मी भरत नाही." साहेब भला माणूस होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते वाक्य आमच्या घरात वर्षभर टांगून राहिलं. मोटार चालली तर आबा घरी. बंद पडली तर आबा हैदराबादला. मोटार म्हणजे काय हे मला फार कळत नव्हतं, एवढं मात्र पक्कं कळत होतं.

आणि खरं सांगू, आबा घरी असणं ही काय चीज असते ते त्या वर्षात पहिल्यांदा कळलं. सकाळी मोटारीचं हँडल मारायचा आवाज, मग ती खोकत खोकत सुरू व्हायची तो आवाज, कोंबड्यांची पळापळ, आणि त्या सगळ्यावर माझ्या नावानं आबांचं ओरडणं, "कमळे, पान्ह्याची पिशवी!" त्यांना 'हो' म्हणता यायचं नाही, हैदराबादी 'हौ' म्हणायचे, आणि गल्लीतली पोरं त्यांना मुद्दाम काहीतरी विचारून 'हौ' म्हणायला लावायची. येसराची, भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी त्यांना एवढी आवडायची की भाकरी त्यात कुस्करून, वरून कच्चं करडईचं तेल ओतून, घामाघूम होत खायचे. वर म्हणायचे, "हैदराबादमदी सगळं मिळतं, ही आमटी न्हाई मिळत." माय मान खाली घालून हसायची. ती त्या वर्षी किती हसली, हे मोजायची कुणाला गरजच वाटली नाही.

आता सोनाआत्या. आत्या आबांची थोरली बहीण. लहानपणी विधवा झाली, माहेरी परत आली, आणि तेवढ्यात त्यांची आई वारली म्हणून आबांना हिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. देवधर्म सगळा आत्याकडं. तिच्या देवधर्मात वाकडं पाऊल टाकायची आमच्यात कुणाची छाती नव्हती, आबांचीसुद्धा. मोटार पहिल्यांदा दारात आली तेव्हा आत्या आरतीचं ताट आणि शेंदराची वाटी घेऊनच बाहेर आली. तिला मोटारीच्या समोर, इंजन झाकणाऱ्या काळ्याभोर चकचकीत टपावर शेंदूर माखायचा होता. आबांचा जीव त्या रंगावर. साहेबाकडं ते तो रंग रोज मऊ फडक्यानं पुसायचे. ते घाईनं म्हणाले, "आक्का, हितं नको गं, रंग जाईल!" आणि टप उघडून त्यांनीच आत बोट दाखवलं. इंजनाच्या कुशीतून एक वाकडी नळी वर आली होती आणि तिच्या टोकावर उपड्या वाटीसारखी गोल टोपी होती. "हितं लाव. हा मोटारीचा देव समज." आत्याला ते पटलं. ती गोल टोपी दिसायचीच तशी, शेताच्या बांधावरच्या म्हसोबासारखी. तिनं तेलात शेंदूर कालवून बोटांनी जाड थर दिला, हळदकुंकू वाहिलं, आणि तेव्हापासून दर आवसेला मोटारीच्या देवाला शेंदूर ठरलेला.

त्या टोपीचं काम काय, हे आबांनाही ठाऊक नव्हतं. तिकडं इंजन उघडायचं काम कारखान्यातला मेस्त्री करायचा, आबांचं काम चालवायचं आणि पुसायचं. संक्रांतीपर्यंत मोटार झकास पळाली. उमापुराहून चकलांब्यावरून गेवराईच्या बाजाराला माणसं, कोंबड्या, गुळाच्या ढेपी, सगळं घेऊन जायची. मग एक दिवस आबांना खाली तेलाचा एक थेंब दिसला. त्यांनी चेंबरचे नट आवळले. चेंबर म्हणजे इंजनाच्या तळाशी तेल साठायचं पत्र्याचं भांडं. तिथं थांबलं तर तेल पुढच्या बाजूनं यायला लागलं. पुढचं आवळलं तर मागून. आमचे शेजारी इमामचाचा कलईवाले, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, हँडल मारायला आणि टवाळी करायला कायम हजर. ते खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "गणप्या, ये मोटार है के चाळनी बे?" आबांनी विहिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं कापून त्याचं पॅकिंग केलं, ते उकळून घट्ट केलेल्या जवसाच्या तेलात भिजवून बसवलं. मोटेत एवढं पाणी ठरतं तर चेंबरात तेल का ठरणार नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. तिथून गळणं थांबलं आणि दुसऱ्या दिवशी जिथून कधी गळलं नव्हतं तिथून सुरू झालं.

आत्याचं मन याच्यात फार दुखायचं. भाऊ गोठ्यात मोटारीखाली पाठीवर पडलेला, तोंडावर काळं तेल, हे बघून ती कळवळायची. तिला एकच उपाय माहीत. गळती वाढली की ती शेंदूर वाढवायची. आधी आवसेला लावायची, मग पुनवेलाही लावायला लागली, मग शनिवारीही. "देवा, माज्या भावाला पुन्ना परमुलखात धाडू नको रं," असं पुटपुटत लावायची. इंजनाच्या धगीनं तो शेंदूर भाजून निघायचा, त्यावर नवा थर. ती टोपी फुगत फुगत नारळाएवढी झाली. इकडं मोटारीची दशा अशी की बाजाराच्या दिवशी चकलांब्याच्या अलीकडं पायाखालच्या फळ्यांतून धूर आला. एका शेतकऱ्यानं कोंबड्यांच्या खुराड्यासकट खाली उडी मारली आणि वाटेतच बसून राहिला. "मी पायी जातो, तुमची चिता तुमालाच लखलाभ," म्हणाला. त्यानंतर लोक मोटारीत बसायला कचरायला लागले. तेल असंच संपत गेलं आणि एखाद्या दिवशी इंजन कोरडं पडून जाम झालं, तर सगळाच खेळ संपला असता. आबांनी मोटार बाहेर काढणं बंद केलं.

पाऊसकाळ असाच गेला. चिखलानं रस्ता बंद, मोटार गोठ्यात, आणि आबा रोज काहीतरी उघडून परत बसवतायत. भादवा सरत आला, ऊन पडलं, रस्ते वाळले, आणि दसरा दिसायला लागला. घरात कुणी हैदराबादचं नाव काढत नव्हतं. पण आबा जेवताना गप्प राहायला लागले. आमटी पुन्हा मागायचे नाहीत. एका संध्याकाळी दिवेलागणीला मायनं त्यांच्या ताटात भाकरी टाकली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "जायचं आसंल तर आत्ताच जावा. पर आसं रोज थोडं थोडं जाऊ नका. मला न्हाई सोसत." माय असं बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आबांनी घास ताटात परत ठेवला. आत्या देवापाशी वात लावत होती, तिनं वळून बघितलं नाही, पण तिचा हात थांबला. मी भांड्यांच्या आडोशाला बसले होते. मला एवढी भीती वाटली की मी रडायचंसुद्धा विसरले. आबा म्हणाले, "एकदा शेवटचं बघतो. कुठनं गळतं ते एकदा नीट डोळ्यानं दिसलं पायजे. आंदाजानं लई झालं."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीला न्हाऊ घातलं. घासतेलात, म्हणजे रॉकेलात, फडकी बुचकळून इंजन वरखाली पुसलं, इतकं की लोखंडाचा मूळ रंग दिसला. मग आबा मला म्हणाले, "चुलीतली राख आण. वस्त्रगाळ कर." मी मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून राख गाळली, पिठासारखी मऊ. ती आम्ही चिमटीनं सगळ्या इंजनावर भुरभुरली. म्हणजे जिथून तेल झिरपेल तिथं राख ओली होऊन काळी पडेल आणि चोर सापडेल. आबांनी पंख्याचा पट्टा काढून ठेवला, नाहीतर ती राख आमच्याच डोळ्यांत गेली असती. देवाच्या टोपीवर मात्र मी राख टाकली नव्हती, आत्याच्या भीतीनं. पण भुरभुरताना थोडी उडून तिथंही बसली. इमामचाचांनी हँडल मारलं, मोटार सुरू झाली, आबा एका बाजूनं वाकले, मी दुसऱ्या बाजूनं.

आधी काहीच दिसेना. मग इकडं काळा ठिपका, तिकडं काळी रेघ, बघता बघता चारी बाजूंनी राख ओली व्हायला लागली. आबा हताश होऊन म्हणाले, "संपलं. कुठलं एक बुजवू?" पण माझं लक्ष भलतीकडंच होतं. देवावर बसलेली राख एका जागी राहत नव्हती. शेंदराला उजव्या अंगाला केसाएवढी चीर गेली होती, आणि तिथली राख फुर्र करून उडायची. मी पुन्हा चिमूटभर टाकली. पुन्हा फुर्र. मला वाटलं देव रागावला. मी घाबरून ओरडले, "आबा, देव फुकायलाय! राख ठिवूनच घीना!"

आबा आले, वाकून बघितलं. चिरेपाशी हाताचा पंजा धरला. आणि त्यांचा चेहरा असा बदलला की मी तो कधी विसरणार नाही. ते हळूच म्हणाले, "हैदराबादला रोज पुसायचो मी ही टोपी. खालून गरम हवा लागायची हाताला. भोकं हायत खाली बारीक बारीक." मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे इंजनाचं नाक हाय! आतला वाफारा हितनं भाईर पडतो. आमी नाकच बुजवलं, मंग ते बिचारं दिसंल तिथनं तेल फेकायलंय!" इमामचाचा आधी बघत राहिले आणि मग एवढे हसले की त्यांच्या हातातलं हँडल पडलं. "या अल्ला! नाक में शेंदूर!" आबांनी स्क्रू-पान्हा उचलला. तो टोपीला टेकवणार एवढ्यात मागून आवाज आला.

"गणप्या! हात लावशील तर माजं मढं बघशील!"

आत्या गोठ्याच्या दारात उभी. आबांनी मोटार बंद करायला सांगितली आणि तिला समजवायला लागले, नाक, वाफारा, तेल, सगळं. आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साल झालं मी ह्याची पूजा करते. उपास केले. अन् आज तू म्हनतूस माज्या शेंदरानं तुजी मोटार आजारी पडली? म्हंजी माज्या हातानं मी तुला हैदराबादला धाडायले व्हय रं?" आबांनी पान्हा खाली ठेवला. तेव्हा ती म्हणाली, "अन् हितं लाव म्हनून दावलं कुणी? मी तर टपावर लावायले व्हते!" ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. ती तशीच आत गेली आणि देवघराच्या भिंतीला पाठ लावून बसली. दुपारी जेवली नाही. इमामचाचा म्हणाले, "तोड डाल बे, सो गई के नई देख के." आबांनी मान हलवली. "न्हाई इमाम. तिनं मला पदराखाली वाढवलंय. तिला इचारल्याबिगर न्हाई. मोटार गेली तर जाऊ दे." त्यांचा तो हट्ट मला तेव्हा अजिबात कळला नाही. मला वाटलं, एक ठोका मारायचा आणि मोकळं व्हायचं! आता वाटतं, आबा तेवढ्या एका गोष्टीत बरोबर होते, आणि आम्ही सगळे घायकुतीला आलो होतो.

संध्याकाळी माय ताट वाढून आत्याकडं गेली. मी दाराशी. माय आत्यापुढं कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी तिनं ताट खाली ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. "आक्का, ते गेले तर मला सवय हाय. पोरगी पोटाशी घिऊन मी इतकी सालं काढली, आनखी काढीन. तुमचं काय? ते गेले की तुमी म्हैनाभर धड घास खात न्हाईत. मला ठावं न्हाई का?" आत्यानं ताट बोटानं लांब सारलं. मग म्हणाली, "देवाची शेंदराची खोळ मानसानं ओरबडून काडू न्हाई गं. पाप लागतं. त्यानं आपनहून टाकली तर गोष्ट येगळी." माय म्हणाली, "मंग त्यालाच इचारा की. कौल लावा. पर मोटार चालू आसताना लावा, आक्का. देव झोपलेला आसंल तर कौल कसा देईल?" माझी माय! जिला मी गरीब गाय समजत होते, ती माय. आत्यानं तिच्याकडं रोखून बघितलं, आणि ताट पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या न्हाऊन, ओल्या केसांनी, कण्हेरीची दोन फुलं घेऊन गोठ्यात आली. आमच्याकडं कौल असा लावतात: देवाच्या अंगाला दोन फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आबांनी मोटार सुरू केली. आत्यानं हात जोडले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "देवा, तुज्या मनात खोळ टाकायची आसंल तर उजवं दे. माजं काय चुकलं आसंल तर पदरात घे." मग तिनं डावं फूल जाड थरावर, ताज्या तेलात, अंगठ्यानं चांगलं दाबून बसवलं. आणि उजवं फूल तिनं बरोबर चिरेवर टेकवलं. अगदी अलगद, दाबलंसुद्धा नाही. मी तिच्या शेजारीच होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. हात काढायचा अवकाश, फूल फुर्र करून आबांच्या पायाशी पडलं. "दिला!" आत्या ओरडली. "उजवा दिला!" तिच्या डोळ्यांतून आता मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. आत्या काही वेडी नव्हती. पुढं कितीतरी वर्षांनी, ती थकली होती तेव्हा, मी तिला त्या फुलाचं विचारलं. ती म्हणाली, "चल, वंगाळ! देवाच्या कामात नाक खुपसू न्हाई," आणि तोंडाला पदर लावून हसत बसली.

खोळ तिनं स्वतः काढली. कोमट तेल सोडत सोडत, बोटांनी कडेकडेनं सैल करत. ती अखंड निघाली, नारळाच्या करवंटीसारखी. खाली टोपीची भोकं शेंदरानं गच्च भरलेली. ती आबांनी दाभणानं एकेक मोकळी केली. इमामचाचांनी पुन्हा हँडल मारलं आणि टोपी भसाभसा श्वास घ्यायला लागली. आत्यानं वाकून हात धरला, नाक जवळ नेलं आणि झटकन मागं घेतलं. "अगं बया! लई घान वास मारतोय की ह्याच्या तोंडाला!" गोठ्यात जे हसू फुटलं ते आवरेना. आबांनी शेंदराची वाटी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आक्का, आता टपावर लाव. पुढं, समद्यास्नी दिसंल आसं." आत्यानं लावला. रंग गेला तो गेलाच.

पण गळती खरंच थांबली का, हे गोठ्यात उभ्याउभ्या कळणार नव्हतं. लांब पल्ला मारायला हवा होता. आणि देवाची टाकलेली खोळ गंगेला सोडावी लागते, आत्या त्याबाबतीत ऐकणार नव्हती. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आबांनी पॅकिंग सगळी पुन्हा नीट बसवली, नट समोरासमोरचे जोडीनं आवळले, इंजनाखालून सगळीकडं पातळ चुन्याचा हात दिला. तेल आलं तर पांढऱ्यावर काळा ओघळ लपणार नाही. नव्या टोपलीत लाल फडक्यावर खोळ ठेवून आत्या पुढं बसली. मागं माय, मी, इमामचाचा, दुरडीत धपाटे आणि दही. मोटार खड्ड्यात आदळली की माय माझा हात दाबायची. आबांचे कान इंजनाकडं, आणि आमच्या सगळ्यांचे डोळे पायाखालच्या फळ्यांकडं, धूर येतो का ते बघत. धूर आला नाही. तरी मला धीर येईना. पूर्वी एक बुजवलं की दुसरीकडून फुटायचं, हे मी वर्षभर बघितलं होतं.

गंगेच्या वाळूच्या अलीकडं, बाभळीच्या सावलीत आबांनी मोटार उभी केली. कुणाकडं न बघता ते पाठीवर पडून खाली सरकले. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. आत्या टोपली घेऊन उभी. इमामचाचांची टवाळी बंद. खालून आबांचा आवाज आला, "कोरडं हाय." मग थोड्या वेळानं, "मागंबी कोरडं हाय." आणि मग, जरा वेगळ्याच आवाजात, "समदं कोरडं हाय गं." ते मायला उद्देशून होतं. नाव घेतलं नव्हतं, तरी आम्हाला कळलं. इमामचाचांनी 'शुकर अल्ला का' म्हणत वाळूत बसकण मारली. मला एकदम भूक लागली. आत्या म्हणाली, "चला रं, देवाला पान्यात सोडू," आणि नदीकडं चालू लागली.

आम्ही गुडघाभर पाण्यात गेलो तरी आबा येईनात. आत्यानं वळून हाक मारली, "गणप्या! ये की रं!" उत्तर नाही. मला वाटलं, पुन्हा तेच. काहीतरी दिसलं असणार, एखादा काळा ओघळ, आणि आता सांगायचं कसं म्हणून तिथंच पडलेत. मी पाण्यातून धावत परत आले. माय मोटारीपाशीच थांबली होती. ती खाली वाकून बघत होती. मी तिच्या खांद्यावरून आत डोकावले. आबा चुना लागलेल्या इंजनाखाली पाठीवर पडले होते, पान्हा छातीवर, तोंड उघडं, आणि चक्क घोरत होते. नाकाच्या शेंड्यावर चुन्याचा ठिपका. मी त्यांना हलवायला हात पुढं केला तर मायनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. नदीवरून आत्या पुन्हा ओरडली. तेव्हा माय उठली, पदर सावरला आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा थोरल्या नणंदेवर आवाज चढवून म्हणाली, "आक्का, हळू बोला की जरा! माझं माणूस झोपलंय!"